भिंतीलगतचे दोन माग

“कोण गेलं गं?”

आत्या खाटेवर ताठ उठून बसल्या होत्या. नुकतीच गोळी देऊन मी त्यांना आडवं केलं होतं, उशी सारखी केली होती आणि आता डोळा लागेल म्हणून पाय न वाजवता स्वयंपाकघराकडे वळले होते.

“कुणी गेलं नाही. झोपा तुम्ही.”

“मग माग कशानं बंद पडले?”

“मीच सांगितलं बंद करायला. मगदूमअण्णांना. तुम्हाला शांत झोप लागावी म्हणून.”

 आत्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, “माझ्यासाठी माग बंद केलेस व्हय? मी अजून जित्ती हाय की गं.”

बाहेर सोप्यात मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मामा म्हणजे माझे सासरे, शिवराम सातपुते. आत्या म्हणजे सासूबाई. आमच्याकडे सासूसासऱ्यांना हेच म्हणायची पद्धत. आणि आमची गल्ली इचलकरंजीतली, म्हणजे एक घर, एक मागाची शेड, पुन्हा एक घर, पुन्हा एक शेड. माणसं कुठं संपतात आणि माग कुठं सुरू होतात हे नवख्याला कळू नये अशी. या गल्लीत मयत झालं की सगळे माग बंद करायचे आणि माणसं घाटावरून परत येईपर्यंत बंद ठेवायचे, असा रिवाज. मालक भांडलेला असो, बोलत नसो, माग बंद. त्यामुळे आमच्याकडे मयताची खबर सांगायला कुणी दारोदार फिरत नसे. आवाज थांबला की बायका भाकरीचा हात तसाच घेऊन उंबऱ्यात येत आणि विचारत, “कोण गेलं?”

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लग्न होऊन आजऱ्याहून या घरात आले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण आपल्या सासूला झोपेत मयताची खबर आपणच पोचवतोय हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी पतसंस्थेत कामाला. माणूस दारातून आत आला की चपला कशा काढतो त्यावरून कर्ज फेडील की बुडवील हे ओळखणारी. अशी मी, घरात मात्र चुकले.

पण त्याआधी त्या भिंतीविषयी सांगायला हवं.

आमच्या मधल्या खोलीची आणि बाबगोंडा मगदुमांच्या शेडची भिंत एकच. पलीकडे तिला लागून दोन माग आणि अलीकडे तिला लागून आमची मांडणी. माग चालले की मांडणीवरचे पेले हळूहळू सरकत कडेला येत आणि एकेक करून खाली उडी घेत. मी पेल्यांच्या मध्ये जुन्या साडीच्या चिंध्या खोचल्या. देवांच्या तसबिरी रोज सकाळी सरळ कराव्या लागत, नाहीतर लक्ष्मी पडायच्या बेतात असे. झोपायला गेलं की आवाज कानात येतो त्याचं एकवेळ चालतं, कानात कापूस घालता येतो. पण तो खाटेच्या पायातून वर चढतो, दातात येतो, त्याला कापूस कुठं घालायचा? आजऱ्यात माझ्या माहेरी कौलावरून फणस पडला तर वर्षभर त्याची गोष्ट सांगायचे. मी पहिली काही वर्षं झोपलेच नाही म्हटलं तरी चालेल.

मग मी भांडायला जायची. बाबगोंडा मगदूम म्हणजे कांडीवर उरलेलं वीतभर सूतही उलगडून घेणारा माणूस. धोतर गुडघ्यापर्यंत, डोळ्यांवर जाड चष्मा, जीभ चष्म्यापेक्षा जाड.

“अण्णा, आमची भांडी नाचतात तुमच्या मागांनी.”

“मग तिकीट लाव की, शैला. लोकं बघायला येतील.”

“मला झोप लागत नाही.”

“पतसंस्थेत लागत न्हाई का? तिथं तर सगळीच झोपलेली असतात म्हणं.”

अशा माणसाशी जिंकणार कसं? त्यात घरातलाच साक्षीदार फितूर. मामा त्या शेडचे जॉबर, म्हणजे माग बसवणारे, बिघडला तर दुरुस्त करणारे. भिंतीलगतचे ते दोन माग त्यांनी आपल्या हातांनी बसवलेले. दोघं मित्र पोरवयापासून एकाच मालकाकडे मागावर उभे राहिलेले. पुढे एकाकडे माग आले, दुसऱ्याकडे पाने आणि हातोडी राहिली, पण संध्याकाळचा चहा दोघांचा एकाच बशीतून. मामा दुपारी त्याच भिंतीला डोकं लावून झोपत, आणि वीज गेली की दचकून जागे होत. मी एकदा चिडून विचारलं, “मामा, तुम्ही एवढे जॉबर. या मागांचा आवाज कमी करता येत नाही?”

“येतो की,” मामा म्हणाले. “पट्टा काढला की बास.”

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या टायरचे तुकडे कापून आणले. दोन मागांच्या पायांखाली घातले, उरलेले माझ्या खाटेखाली. आवाज तेवढाच राहिला. पण कुणीतरी माझ्या झोपेसाठी जमिनीवर पालथं पडून हात काळे केले, हे मी त्यांच्या नावावर जमा धरलं.

तर त्या वर्षी आत्यांना हृदयाचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, अरविंदला, बाजूला घेऊन सांगितलं, “झोप हेच आता औषध. धक्का बसता कामा नये. रडवू नका, चिडवू नका, फार हसवूसुद्धा नका. हृदय अगदी नाजूक झालंय.”

मी सरळ मगदुमांच्या शेडमध्ये गेले. पदर खोचून, सगळी उत्तरं पाठ करून. म्हटलं, आत्या आल्यात, दुपारचे भिंतीकडचे माग बंद पाहिजेत.

“ठेवतो बंद,” अण्णा म्हणाले. “वहिनी झोपू दे.”

पाठ केलेली सगळी उत्तरं वाया गेली. न भांडता मिळालेल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. त्यातून काय झालं ते वर सांगितलंच. आत्यांनी मयत समजून झोप सोडली, मामांना ठसका लागला, आणि मला परत शेडमध्ये जाऊन सांगावं लागलं, “अण्णा, चालू करा.”

“का गं?”

“आवाजाशिवाय झोप लागत नाही त्यांना.”

अण्णांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. “बघ. मिरजेच्या डॉक्टरला जमलं न्हाई ते औषध आमच्याकडं हाय.”

खडाक् खट् करत दोन्ही माग सुरू झाले. मी घरी पोचले तेव्हा आत्या घोरत होत्या.

पुढचे काही दिवस बरे गेले. मी पतसंस्थेतून रजा घेतली होती. आत्या खात होत्या, झोपत होत्या, थोड्या चालतही होत्या. मामा दिवसभर घरातच घोटाळत. म्हाताऱ्या नवऱ्याचं प्रेम बायको आजारी पडल्याशिवाय बाहेर निघत नाही, आणि निघतं तेव्हा त्याला काय करायचं ते सुचत नाही. मामा दर थोड्या वेळानं खोलीत येत, पंखा एक खटक्यानं कमी करत, परत वाढवत, आणि जात.

“उभं ऱ्हाऊन काय बघताय?” आत्या म्हणायच्या.

“पंखा बघतोय. आवाज करतोय.”

“एवढे माग चालतात त्यात पंख्याचा आवाज ऐकाय येतोय व्हय तुमाला?”

“मी जॉबर हाय,” मामा म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी ते औषधं आणायला निघाले. आत्या म्हणाल्या, शहाळं मिळालं तर आणा. मामा म्हणाले, आणतो. सायकल बाहेर काढली, टांग टाकली, आणि खिडकीतून आत्या ओरडल्या, “टोपी!”

“एवढ्यासाठी परत उतरू?”

“उन्हं किती हायत बघा की.”

मामा उतरले. आत आले, खुंटीवरची टोपी घेतली, आत्यांच्या समोर मुद्दाम दोन्ही हातांनी नीट डोक्यावर चढवली आणि म्हणाले, “बास? आता नवरदेव दिसतोय का?”

“जावा आता. दुकान बंद व्हईल.”

गेले. मी आत्यांना गोळी दिली. त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी ताटात तांदूळ निवडायला घेतले. माग चालू होते, पेले चिंध्यांत थरथरत होते.

आणि एकदम सगळं थांबलं.

दोन माग नव्हे, पूर्ण शेड. मी वर बघितलं. आत्या हलल्या. त्यांनी कूस बदलली, डोळे अर्धे उघडले. मला एवढंच कळलं की आता त्या विचारतील, कोण गेलं, आणि उठून बसतील, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. मला अण्णांचा असा राग आला! ताट तसंच टाकलं आणि मागच्या दारानं शेडमध्ये घुसले.

“बंद का केलेत? एवढं सांगूनसुद्धा? आत्या झोपल्यात ना!”

कामगार जागच्या जागी उभे होते. अण्णा मेन स्विचपाशी होते. खटका खाली ओढलेला आणि हात अजून त्याच्यावरच. शेजारी टेबलावर फोन होता, गल्लीतला तेवढा एकच फोन.

“अण्णा, मी काय म्हणतेय?”

“अरविंदचा फोन आला होता,” ते म्हणाले. “शैला... शिवराम गेला.”

मला वाटलं ते कुठल्या गावी गेला म्हणतायत.

“दुकानाच्या पायरीवर बसला म्हणं. पाणी मागितलं. लोकांनी दवाखान्यात न्हेला, पण...” त्यांनी हात स्विचवरून काढला आणि त्या हाताचं पुढं काय करायचं ते त्यांना कळेना. “मी स्विच खाली घेतला. फोन ठेवला आणि घेतला. आपोआप झालं.”

मी तिथं रडायला हवं होतं. मी भिंतीकडे बघितलं. त्या भिंतीच्या पलीकडे आत्या होत्या, अर्धे डोळे उघडलेल्या, आणि शांतता ऐकत होत्या. रडवू नका, धक्का नको. मी म्हटलं, “चालू करा.”

“काय?”

“माग चालू करा, अण्णा. आत्ता. भिंतीकडचे तरी.”

“तुझा सासरा गेलाय, पोरी. माझा...” ते थांबले. “त्याच्यासाठी माग बंद करायचं न्हाई, मग कुणासाठी करायचं?”

“बंद राहिले तर आत्यांना कळेल. त्या आजच जातील. मग दोघांसाठी बंद ठेवा.”

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अजून ती नजर विसरले नाही. मग त्यांनी खटका वर ढकलला. पण माग काही सुरू होईनात, कारण कामगारांपैकी कुणी मागाला हात लावेना. एकजण हळू आवाजात म्हणाला, “मालक, मयत झालंय. शिवरामदादांचं. आमी न्हाई चालवणार.”

“जावा तुमी,” अण्णा म्हणाले. “वहिनीला कळू नये म्हणून अरविंद कबनूरला न्हेतोय त्याला, शिवरामच्या भावाकडं. तिकडं जावा. सगळी जावा.”

ते स्वतः भिंतीकडे चालत गेले. किती वर्षांत त्यांनी मागाला हात लावला नव्हता कोण जाणे. एक सुरू केला. थांबला. परत सुरू केला. मग दुसरा.

खडाक् खट्.

मी घरात आले. आत्या उताण्या पडल्या होत्या. पंख्याच्या वाऱ्यानं त्यांच्या कपाळावरची पांढरी बट हलत होती.

“काय झालं गं?”

“काही नाही. लाईट गेली होती.”

आत्या वर बघत होत्या. “आली?”

“आली.”

“बरं,” म्हणाल्या आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या.

त्या दिवसाचा उरलेला वेळ मी कसा चालवला ते एखाद्या बुडीत खात्यासारखं आहे. वरून सगळे आकडे जुळलेले. अरविंद गल्लीच्या तोंडापर्यंत आला, घराकडे आला नाही. मी गेले. तो रडत नव्हता, फक्त शर्टाचं वरचं बटण पुन्हा पुन्हा लावत होता, आणि ते लागलेलंच होतं.

“डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, आठवडाभर तरी सांगू नका.” मग म्हणाला, “आईला शेवटचं बघायचं नाही का गं, शैला?”

दोघांपैकी एकाला वाचवायचं होतं आणि एक आधीच हातचा गेला होता. मी म्हटलं, “तू जा. मी आहे इथं.”

गल्लीतल्या बाकीच्या शेडी एकेक करून थांबल्या. घरात ते जाणवलं नाही, कारण आमच्या कानाला मगदुमांचे ते दोन माग चिकटून होते. हा माझा हिशेब होता आणि तो बरोबर ठरत होता. तेवढ्यात चंद्राक्का, आमच्या समोरच्या, तोंडाला पदर लावून पायरी चढल्या. हंबरडा ओठापर्यंत आलेला. मी त्यांना धरून परत रस्त्यावर नेलं.

“आत झोपल्यात. त्यांना सांगितलं नाही.”

चंद्राक्कांनी आलेलं रडू गिळलं. तोंड उघडलंच होतं, ते कुठंतरी वापरायला हवं. मग त्या मगदुमांच्या शेडकडे वळल्या. “आणि ह्या बाबगोंडाला काय झालंय? सबंध गल्ली बंद, आन ह्याचे माग चालू! आयुष्यभर त्याच्याकडं राबला शिवराम. चार घटका बंद ठेवले तर काय भीक लागणार हाय ह्याला?”

मला खरं सांगता आलं असतं. पण चंद्राक्कांना सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं, आणि गल्ली म्हणजे आत्या.

“माणसं घाटाकडं निघाली कबनूरहून,” त्या म्हणाल्या. “ह्यो न्हाई गेला. मित्र म्हणं!” आणि रस्त्यावर थुंकल्या.

मी स्वयंपाकघरात आले आणि मग मला रडू फुटलं. फुटलं ते आवरेना. तोंडावर टॉवेल दाबला, मग लक्षात आलं, कशाला? त्या आवाजात काय ऐकू जाणार होतं? इतकी वर्षं ज्या आवाजाला मी शिव्या दिल्या त्याच्या आडोशाला बसून मी पोटभर रडले, ताटातले तांदूळ समोर घेऊन.

मधूनमधून एखादा माग थांबे. मग बराच वेळ एकच चाले. मग दुसरा अडखळत सुरू होई. मी दर वेळी धावत खोलीच्या दारात जायची. आत्या तशाच, भिंतीकडे तोंड. जेवायला उठवलं तर म्हणाल्या, नको, झोप येतेय. दुपारभर त्यांनी एकदाही विचारलं नाही की हे कुठं आहेत, शहाळं आणलं का. मी मनात तयार करून ठेवलेल्या सगळ्या थापा तशाच राहिल्या. हे मी माझ्या चलाखीच्या खात्यावर जमा केलं. म्हटलं, बरं झालं, गोळीनं चांगलं काम केलं.

उन्हं उतरली तेव्हा अरविंदचा चुलतभाऊ सांगून गेला, घाटावरचं सगळं झालं. माणसं आंघोळी करून परत निघालीत. मी आत्यांसाठी चहा घेऊन खोलीत गेले.

“आत्या, उठा. चहा.”

त्या वळल्या. उशीचा भिंतीकडचा अर्धा भाग ओला होता, पार काळपट ओला. डोळे असे सुजले होते की मी कप खाली ठेवला.

“झालं सगळं?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“शैला. मला थापा मारू नको, तुला येत न्हाईत. पतसंस्थेत शिकवत नसतील.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “लाईट गेली म्हणालीस. पंखा फिरत होता.”

मी वर बघितलं. पंखा फिरत होता.

“तवाच कळलं. कोण गेलं ते पण कळलं. दुसरं कोण गेलं असतं तर तू सांगितलं असतंस की.”

मी त्यांच्या पायाशी बसले. हात धरायला गेले तर त्यांनीच माझा धरला.

“मग बोलला का नाहीत? सकाळपासून?”

“बोलून काय केलं असतं? मी ऊर बडवला असता, तुमी माझ्याभोवती गोळा झाला असता. अरविंद हितं धावत आला असता. मग ह्यांच्या बरोबर कोण गेलं असतं?” त्या थांबल्या. श्वास घेतला. “पोरगं तिकडं पायजे होतं. म्हटलं, तवर झोपून ऱ्हावं.”

“तुम्हाला शेवटचं बघायलासुद्धा...”

“बघितलं की मी. टोपी घालताना.”

पलीकडे माग चालले होते. एक थांबला, पुन्हा लागला. आत्यांनी भिंतीकडे मान वळवली.

“भावजीच हायत न्हवं? एकटेच?”

“हो.”

“दुसरं कोण एवढं अडखळंल. डोळ्याला दिसत न्हाई, धागा तुटला की गाठ मारता येत न्हाई.” मग एकदम त्यांचा आवाज फुटला, दिवसभरात पहिल्यांदा. “शैला, जा. बंद कर म्हणावं आता.”

“पण डॉक्टर...”

“मरत न्हाई मी. मरायचं असतं तर पंखा बघितला तवाच मेले असते. ह्या गल्लीत कुणा लुंग्यासुंग्यासाठी माग थांबतात. ज्यानं बसवले त्याच्यासाठी थांबू नयेत व्हय? जा. आन भावजींना म्हणावं, तुमी पण रडून घ्या. म्या दिवसभर रडले तुमच्या मागांच्या आवाजात, तुमाला कुठं सवड मिळाली.”

मी मागच्या दारानं गेले. शेडमध्ये अंधारून आलं होतं, दिवे लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. दूरचे सगळे माग मुके. भिंतीपाशी अण्णा दोन मागांच्या मध्ये उभे, एक हात या मागावर, एक त्या. चष्मा कुठंतरी काढून ठेवलेला. दोन्ही धोट्यांतल्या, आडवं सूत वाहून नेणाऱ्या त्या लाकडी होड्यांतल्या, कांड्या कधीच संपल्या होत्या. धोटे रिकामेच इकडून तिकडे जात होते, तिकडून इकडे येत होते. उभे धागे हळूहळू पुढे सरकत होते आणि त्यांच्यात आडवा धागा एकही नव्हता. कापड होतं तिथपर्यंत होतं, आणि त्याच्यापुढे नुसत्या पांढऱ्या उभ्या रेघा. वीतभर सूत न सोडणारा माणूस दिवसभर काहीही न विणता माग चालवत होता.

“अण्णा,” मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या दंडाला हात लावला.

“वहिनी?” ते ओरडले, भीतीनं.

“बऱ्या आहेत. त्यांना कळलंय. सकाळीच कळलं होतं. त्यांनी निरोप दिलाय, बंद करा म्हणाल्या आता. मामांसाठी.”

अण्णांनी माझा चेहरा नीट बघायचा प्रयत्न केला. मग एक माग थांबवला. मग दुसरा.

इतकी वर्षं त्या भिंतीतून आवाज एकाच बाजूनं जात होता, तिकडून इकडे. मी तिकडच्या बाजूला उभी होते, म्हणून मला पहिल्यांदा ऐकू आलं की आमचंही तिकडे जातं. अगदी स्पष्ट जातं. आत्यांनी मामांना हाक मारली, नाव घेऊन. उभ्या जन्मात त्यांनी त्यांचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

बाबगोंडा मगदूम भिंतीपाशी गेले. मामा पलीकडून दुपारी डोकं टेकायचे त्या उंचीवर, जमिनीवर बसून, त्यांनी भिंतीला कपाळ लावलं. आणि मग तिकडचा आवाज इकडे, इकडचा तिकडे.

बाहेर चंद्राक्का उंबऱ्यात आल्या असाव्यात. त्यांनी काही विचारलं नाही.